पाखराच्या पुढची पानं

“हे मी वाचलंय,” कमळाक्कांनी पुस्तक वाचनालयातल्या माझ्या टेबलावर ठेवलं. “आणि गेल्या सोमवारी नेलेलं तेही. निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं, की अगंबाई, ही शेवटी दिराशी समेट करणार आहे. मग काय वाचायचं त्यात?”

“नेताना नाही का सांगायचं? मी दुसरं दिलं असतं.”

“नेताना कसं कळणार? एकवीस नंबरचं पान उघडून बघितलं. फुली नव्हती, म्हणून नेलं.”

“कसली फुली?”

कमळाक्का गावातल्या सगळ्यात जुन्या वाचक. आठवड्याला तीन कादंबऱ्या फस्त करायच्या आणि चौथी राखून ठेवायला सांगून जायच्या.

“माझी फुली. एकवीस पानावर, आकड्याच्या खाली, बारीकशी. पुस्तक वाचून झालं की घालते. इतकी पुस्तकं वाचल्यावर नावं कोण लक्षात ठेवणार? सगळ्याच घालतात. पोस्टातल्या बाई चाळीस पानावर टिंब देतात. ती डॉक्टरांची आई आकड्याभोवती गोल करते. मास्तरांना माहितेय सगळं. तुला नाही सांगितलं?”

माझ्या हातात त्या वेळी खोडरबर होतं. पाचवं कपाट त्याच सकाळी संपवलं होतं.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, कोल्हापूरला विद्यापीठात पीएचडी करत होते आणि स्वतःला भलती हुशार समजत होते. माझा विषय होता मध. डोंगरातल्या मधात कुठल्या कुठल्या फुलांचे परागकण सापडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. तीन वर्षं मी परागकण मोजत होते. त्या पावसाळ्यात माझ्या गाईड मॅडम पाच महिन्यांसाठी कॅनडाला गेल्या आणि मी घरी आले. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला ओळखतात.

मी आले त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयाचे शिंत्रे मास्तर ओल्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी त्यांना बेळगावला घेऊन गेली. आता तिथं कोण बसणार, असं कमिटीनं विचारल्यावर आमचे वडील मला न विचारताच म्हणाले, “आमची उजू बसेल की. रिकामीच आहे.” निघण्यापूर्वी मास्तरांनी मला घरी बोलावलं. खाटेवर पडल्या पडल्या किल्ली दिली आणि म्हणाले, “पुस्तकं द्यायची आणि घ्यायची. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

आता मला कुणी असं सांगितलं की माझा हात तिकडेच जातो. शिवाय मला घाण सहन होत नाही. पहिल्याच दिवशी एक कादंबरी उघडली तर आत पेन्सिलीच्या खुणा. टिंबं, फुल्या, गोल, काहीबाही. मनात म्हटलं, काय ही माणसं, सार्वजनिक पुस्तकाची कदर नाही. कोपऱ्यावरून खोडरबराचे चार तुकडे आणले आणि पहिल्या कपाटापासून सुरुवात केली. पान न् पान उलटत, रोज वीस-बावीस पुस्तकं. परागकण मोजलेल्या माणसाला त्याचं काय एवढं.

आणि खरं सांगू का, मला ते दिवस फार आवडले. वाचनालय उंचावर होतं, कौलारू, दोन खोल्यांचं. श्रावणात धुकं खिडकीतून आत यायचं आणि टेबलांमधून सावकाश फिरायचं. समोर वर्तमानपत्र वाचत बसलेला माणूस मधेच दिसेनासा व्हायचा, फक्त पान उलटल्याचा आवाज यायचा. सगळे आपोआप हळू बोलायचे. मी खोडत बसायची. कागदाचा आणि रबराचा वास यायचा. दुपारी कधी डोळा लागायचा आणि जाग यायची तेव्हा मी कोल्हापूरला आहे की इथे, हे क्षणभर कळायचं नाही. प्रयोगशाळेत असं कधी झालं नव्हतं. तिथे मी सदा घड्याळ बघायची.

तर कमळाक्का फणकारत गेल्या आणि मी कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात पलीकडे दुसऱ्या कपाटापाशी मला हुक्केरीकाका दिसले.

हुक्केरीकाका एसटीचे रिटायर ड्रायव्हर. उंच, थोडे वाकलेले, पांढऱ्या शर्टाखाली अजून खाकी पँट घालायचे. एरवी पंधरा दिवसांतून एकदा यायचे, एक पुस्तक न्यायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. त्या आठवड्यात मात्र रोज येत होते. कपाटातून पुस्तक काढायचं, अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान उलटायचं, शेवटपर्यंत गेलं की परत ठेवायचं. असं तास तास.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. “काका, काय शोधताय? मी काढून देते.”

“पाखरू,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

त्यांनी बोटानं हवेत दोन छोट्या बाकदार रेघा काढल्या. शाळेतली पोरं डोंगराच्या चित्रात वर आभाळात काढतात, तसं. “पेन्सिलीचं असतंय. बाजूच्या मोकळ्या जागेत. कुठल्याबी पानावर असतंय, त्यामुळं सगळं पुस्तक बघाय लागतंय. आमच्या मंडळींची खूण.”

तसली पाखरं मी पाहिली होती. पहिल्या दोन-तीन दिवसांत मला वाटलं होतं, हे कुणा लहान पोराचं काम.

“गौरा गेली त्याला माघात वरीस झालं,” काका सांगू लागले. “सातवी शिकल्याली. वाचायचं लई येड. मला कुठलं वाचाय येतंय? मी आपला पाट्या वाचणारा. ती गेल्यावर घरात बसवंना. म्हणून हितं आलो, एक पुस्तक उघडलं, तर आत हे पाखरू. तिचंच. किराणाच्या यादीवर पण काढायची, वाणसामान आणलं की. म्हटलं, म्हंजे हे तिनं वाचलंय. मग ते घरी नेलं. पंधरा दिवस लागलं मला. तसली एकोणीस झाली बघ. तिनं जेवढी वाचली तेवढी सगळी वाचायची, असं ठरवलंय. पण म्हैना झाला, एक घावंना.”

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मला ते जमेना.

“काका, ती पाखरं मी खोडली.”

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. “सगळी?”

“पाच कपाटांतली. कादंबऱ्या सगळ्या.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातल्या खोडरबराकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “कशाला गं?”

काका पुस्तक जागेवर ठेवून निघून गेले. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, धुक्यात बसून सर्दी झाली असेल, हळदीचं दूध घे.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची देवघेवीची रजिस्टरं खाली काढली. कुठल्या सभासदानं कुठलं पुस्तक कधी नेलं आणि कधी परत केलं, याची मास्तरांनी ठेवलेली नोंद. सोळा वर्षांची रजिस्टरं होती, त्याआधीची वाळवीनं खाल्ली होती. गौरव्वा हुक्केरी, सभासद क्रमांक तीनशे अठ्ठेचाळीस. बोट ठेवून शोधत गेले. आठ दिवस लागले. चारशेच्या वर पुस्तकं निघाली.

मी यादी घेऊन हुक्केरीकाकांच्या घरी गेले. ते ओट्यावर तांदूळ निवडत होते. यादीवरून त्यांनी नजर फिरवली आणि डोकं हलवलं.

“ही न्हवंत. म्हंजे ही तिनं नेली असतील. पण पाखरू सगळ्यांत न्हवतं. धा पुस्तकं चाळावी तवा एकात घावायचं. ज्यात पाखरू हाय तीच मला पायजेत. तिनं का काढलं ते तिला म्हाईत, पण काढलं न्हवं?”

“बरं,” मी म्हटलं. “मग पाखरंच शोधते.”

“खोडल्याली?”

“हो.”

ते माझ्याकडे बघून पहिल्यांदाच किंचित हसले. “चौगुले गुरुजींचीच पोर तू. ते बी असंच हट्टी.”

पेन्सिलीची रेघ खोडली तरी कागदावर तिचा खळगा राहतो. सरळ बघितलं तर दिसत नाही, पण उजेड अगदी आडवा, कागदाला घासून आला, तर खळग्यात बारीक सावली पडते. भिंगातून बघायची सवय मला होतीच. बॅटरी धरून पाहिली, पण जुना पिवळा कागद आणि बॅटरीचा पिवळा उजेड, काही लागेना. ऑक्टोबर उजाडला, धुकं विरळ झालं आणि एक दिवस तीनच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं. टेबलावर आडवं पसरलं. मी एक पुस्तक त्यात धरलं, पान सावकाश कलतं केलं आणि कागदातून पाखरू वर आलं.

मी काकांना बोलवायला पोस्टातला शिपाई धाडला. ते आले, माझ्या मागे उभे राहिले. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. ते वाकून बघत राहिले. ऊन टेबलावरून सरकत कडेला गेलं आणि पाखरू परत कागदात गेलं.

“दिसलं,” ते म्हणाले.

मग रोज तेच. तीन ते चार, ऊन असेल तेवढा वेळ. दिवसाला सात-आठ पुस्तकं व्हायची. त्यात एखादं पाखरू. काका कपाटातून पुस्तकं आणून देत, मी पान कलतं करी. त्या एका तासासाठी मी सगळा दिवस काढायची. काका मधूनच गाडीच्या गोष्टी सांगायचे, आंबोलीच्या घाटात धुकं इतकं असायचं की कंडक्टर खाली उतरून पुढं चालायचा आणि गाडी त्याच्या मागून जायची. मी ऐकत पानं कलती करायची. पलीकडे कमळाक्का आपल्या फुल्या नव्यानं घालत बसलेल्या असत आणि मला मधूनमधून टोमणे मारत. “शिकलेल्या पोरी नोकरीला ठेवल्या की असं होतं,” म्हणायच्या. त्यांचं खरंच होतं, म्हणून मीही ऐकून घ्यायची.

नोव्हेंबर लागेपर्यंत सत्तावीस पाखरं सापडली. मी त्यांची वही केली, प्रयोगशाळेत करतात तशी: पुस्तकाचं नाव, पाखराचं पान, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. रकाने भरल्यावर एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली आणि मी अगदी खुशीत येऊन काकांना सांगायला गेले.

“काका, गंमत बघा. पाखरू नसलेली पुस्तकं त्यांनी आठ-आठ दिवस ठेवलीत. पाखराची मात्र दोन दिवसांत परत. सोमवारी नेलं, बुधवारी परत. शुक्रवारी नेलं, रविवारी सकाळी परत. सगळी सत्तावीस तशीच.”

काका बाकावर बसले होते. “सालं कुठली?”

“चौऱ्याऐंशी ते ब्याण्णव. मधे काही महिने खंड पडतो.”

“तवा मी पुण्याच्या मुक्कामी गाडीवर होतो,” ते सावकाश म्हणाले. “एक दिस जायचं, एक दिस यायचं, तिसऱ्या दिवशी घरी. मधी चार-चार म्हैने मुंबईला पाठवायचे.” ते वहीकडे वाकले. “पाखरू कितव्या पानावर हाय?”

“कुठल्या पुस्तकात?”

“कुठल्याबी.”

“ह्यात एकशे बाराव्या.”

“पुस्तक केवढं?”

“दोनशे सत्तर पानांचं.”

“आणि त्ये?”

“पाखरू साठाव्या पानावर. पुस्तक तीनशेचं.”

“शेवटाला कशात हाय का?”

मी वहीवरून बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा खालून वर. मग मला कळलं की ते काय विचारताहेत, आणि बोट तिथेच थांबलं.

“नाही काका,” मी म्हटलं. “शेवटाला एकही नाही.”

ते खिडकीकडे बघत होते. “घरात आलो की मला पुस्तक दिसलेलं चालायचं न्हाई,” ते म्हणाले. “तिला सांगून ठेवल्यालं. मी दोन दोन दिस गाडी हाकून यायचं आणि हिनं पुस्तकात तोंड घालून बसायचं, असं वाटायचं. एकदा भिरकावलं पण हुतं. त्यानंतर कधी दिसलं न्हाई. मला वाटलं, सोडलं तिनं. ही न्हेत हुती, मी यायच्या दिवशी परत करत हुती, आणि कुठवर आलो ते पाखरू काढून ठेवत हुती. पुन्हा कधी गावलं तर वाचायला.”

“काका—”

“मी एकोणीस वाचली. मला वाटायचं, तिच्या मागनं मागनं चाललोय.”

ते उठले. छत्री बाकालाच टेकून राहिली. मी मागून हाक मारली, पण ते पायऱ्या उतरून गेले होते.

त्यानंतर ते आले नाहीत. पहिल्या दिवशी मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडे निपाणीला गेलेत. ऊन रोज तीनला यायचं, टेबलावर पसरायचं. मला पुस्तक उघडायचा धीर होईना. मला वाटायचं, आधी मी खूण पुसली आणि मग त्यांचं सगळंच घालवलं. नसती उठाठेव करायची खोड मला लहानपणापासून आहे, पण एवढी महागात कधी पडली नव्हती. ती महाग त्यांना पडली होती, याचंच वाईट वाटायचं.

अकराव्या दिवशी शेजारच्या औषधाच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. मॅडम परत आल्या होत्या.

“उज्ज्वला, शुक्रवारी दुपारी तीन वाजता तुझं प्री-सबमिशन सेमिनार लावलंय. दोन जण बाहेरून येताहेत. तयारी आहे ना?”

“मॅडम, इथे थोडं काम राहिलंय.”

“कसलं काम?”

“पुस्तकांचं. दोनशेच्या वर बघायची आहेत अजून.”

“शुक्रवारी तीन वाजता,” मॅडम म्हणाल्या. “हे चुकलं तर पुढचं वर्ष जाईल, आणि तुझी शिष्यवृत्ती मार्चला संपते. तुझं तू ठरव.”

घरी सांगितलं. वडिलांना फार आनंद झाला. त्यांनी ‘डॉ. उज्ज्वला चौगुले’ अशी पाटी कुठल्या रंगात करायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. आईनं शुक्रवारी सकाळी दशम्या बांधून दिल्या. किल्ली कमळाक्कांकडे द्यायचं ठरलं होतं, पण त्या सकाळी देवळात गेल्या होत्या, म्हणून किल्ली पर्समध्येच राहिली. दहाची कोल्हापूर गाडी फलाटाला लागली होती. धुकं होतं, नोव्हेंबरात असतं तसं पातळ, आणि गाडीचे दिवे त्यात पिवळे दिसत होते.

फलाटाच्या टोकाच्या बाकावर रिटायर ड्रायव्हर बसतात. तिथे हुक्केरीकाका बसले होते. निपाणीच्या गाडीनं आत्ताच उतरले असावेत, पायाशी पिशवी होती.

“निघालीस?” ते म्हणाले.

“हो. आज तीनला सेमिनार आहे.”

“बरं. जा.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “किल्ली कुणाकडं हाय?”

“माझ्याचकडे राहिलीय. का?”

“काय न्हाई. ती एकोणीस परत न्यायची हुती. पयली.”

“ती तर तुम्ही वाचलीत ना?”

“पयल्यापासनं वाचली. तसं न्हाई आता. पाखराच्या पुढचं वाचायचं. तिचं ऱ्हायलंय तेवढंच.” ते खाली मान घालून पिशवीच्या बंदाशी खेळत होते. “लेकीच्यात एक दिस फोटोसमोर बसून वाचून बघितलं. मोठ्यानं. अडखळतो मी, पाट्या वाचल्यागत. पण लेक म्हणाली, वाचा बाबा, आईला चालतंय.”

कंडक्टरनं घंटी मारली. काका म्हणाले, “बस आत. गाडी सुटंल.”

“ह्यानंतरची गाडी कधी आहे?”

“तीनला. पण तीनला जाऊन काय उपेग? तुझं तीनलाच हाय म्हणालीस न्हवं?”

“हो.”

मी हातातली बॅग बाकावर ठेवली. मला कोल्हापूरला जायचं नव्हतं. एवढं सोपं होतं ते, आणि तीन वर्षं मला कळलं नव्हतं. भीती वाटली. बरंही वाटलं. गाडी मागे सरकली, वळली, तिचे तांबडे दिवे धुक्यात दोन ठिपके होऊन गेले. काकांनी उठून माझी बॅग स्वतःच्या खांद्याला लावली आणि आम्ही चढ चढून वाचनालयात गेलो.

मी दार उघडलं, केर काढला, त्यांची छत्री कोपऱ्यात होती ती दिली. एकोणीस पुस्तकं काढून टेबलावर मांडली. दशम्या आम्ही दोघांनी खाल्ल्या. तीनला ऊन आलं. पहिलं पुस्तक मी उन्हात धरलं, पान कलतं केलं, पाखरू वर आलं, आणि ते मी पेन्सिलीनं हलकंच गिरवून घेतलं. काकांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द थांबून, गावांची नावं सांगावीत तसं. कमळाक्का आल्या, खुर्चीत बसल्या आणि ऐकत राहिल्या.

संध्याकाळी मी औषधाच्या दुकानातून मॅडमना फोन लावला. त्या आधी रागावल्या, आणि रागवायला हव्याच होत्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, खोडरबरापासून उन्हापर्यंत. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तीन वर्षांत तू परागकणांबद्दल माझ्याशी एकदाही अशी बोलली नाहीस.” आणि थोड्या वेळानं, “करायचंच असेल तर रीतसर कर. ग्रंथालयशास्त्राचे फॉर्म जूनमध्ये निघतात. आपल्याच विद्यापीठात आहे. मी बोलते तिथे.”

वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. शिंत्रे मास्तर काठी टेकत परत आले तेव्हा मी त्यांना सगळं कबूल केलं. त्यांनी हात पुढे केला. “खोडरबर.” मी दिलं. त्यांनी ते खणात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाले, “उन्हाला बसायचं असेल तर ये रोज. माझे डोळे गेलेत.” एकूण त्रेसष्ट पाखरं सापडली. पुढं शिक्षण झाल्यावर त्यांच्याच खुर्चीवर मी बसले आणि आता मलाही निवृत्त व्हायला तीन वर्षं राहिलीत. खोडरबर अजून त्याच खणात आहे, दगडासारखं झालंय.

हुक्केरीकाका नऊ वर्षं वाचत राहिले. पुढेपुढे डोळ्यांना त्रास व्हायचा, एका पुस्तकाला दोन-दोन महिने लागायचे. गेले त्याच्या पंधराव्या दिवशी त्यांची लेक एक पुस्तक परत द्यायला आली. “बाबांच्या उशाशी होतं,” म्हणाली. “उशीर झाला, दंड किती?” मी म्हटलं, काही नाही, ठेव.

ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. अठ्ठ्याण्णवाव्या पानावर मी गिरवलेलं पाखरू होतं. त्यापुढे चाळत गेले. एकशे एकेचाळिसाव्या पानाच्या कडेला पेन्सिलीचं नवीन काहीतरी होतं. एक वेडावाकडा गोल आणि त्यात आडवी रेघ. आधी मला काही उमगेना. मग लक्षात आलं, ते गाडीचं स्टिअरिंग होतं.

तीन वाजले होते. ऊन टेबलावर आलं होतं आणि आत दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि एकशे एकेचाळिसाव्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले.